दुसरी कप्पी

सासूबाईंबरोबर सहलीला जायचं म्हटलं की जावईबापूंच्या अगदी जिवावर यायचं. सासूबाई स्वभावाने वाईट होत्या असं मुळीच नाही. चाळीस वर्षं औषधांच्या दुकानात डॉक्टरांची अक्षरं लावून लावून त्यांच्या अंगी जबर चिकाटी आली होती, एवढंच. निवृत्त झाल्यावर ती सगळी चिकाटी त्यांनी ऐतिहासिक कादंबऱ्यांकडे वळवली. एखादी कादंबरी मनात भरली की ती जिथे घडली ते गाव पाहायचं, तिथल्या सगळ्यात नावाजलेल्या ठिकाणी निवांत जेवायचं, आणि या दोन्हीला लेक, जावई, नात बरोबर हवीतच, असा त्यांचा शिरस्ता.

जावईबापू लिफ्टचे मेकॅनिक. पुस्तक म्हणजे त्यांच्या लेखी मोटरबरोबर येणारी माहितीपुस्तिका, आणि जेवण म्हणजे दोन इमारतींच्या मधलं दहा मिनिटांचं काम.

यंदाची कादंबरी सातशे पानांची होती. अकरा महिने वेढ्यात अडकलेल्या एका किल्ल्याची गोष्ट. किल्ला दुसऱ्या दिवशी सकाळी चढायचा होता. आदल्या दुपारी मंडळी त्याच्या पायथ्याच्या गावात, पांढऱ्याशुभ्र टेबलक्लॉथसमोर येऊन बसली. नऊ पदार्थ एकामागून एक येणार होते.

पहिली बशी आली. बशी परातीएवढी आणि मधोमध एकच मशरूम.

"बाबा, हे नमुन्याला आणलंय का?" टिल्लीने विचारलं. ती नऊ वर्षांची, आणि बापावर गेलेली.

"गप बस, खा," आई म्हणाली.

मशरूम एका घासात संपलं. पुढचा पदार्थ काही येईना. जावईबापूंनी घड्याळ पाहिलं, छताकडे पाहिलं, आत येताना दिसलेल्या लिफ्टच्या दाराचा आवाज कसा येतोय ते कान देऊन ऐकलं. मग काट्याने टेबल वाजवायला सुरुवात केली.

सासूबाईंनी पर्समधून तो ठोकळा काढून त्यांच्यापुढे सरकवला. "पान तीनशे बारा. एक तर वाचा, नाहीतर तो काटा खाली ठेवा."

दोन्हींतलं सोपं म्हणून त्यांनी पुस्तक उघडलं.

किल्ल्यावरचं धान्य संपत आलं होतं. कोठी सांभाळणारी एक बाई एकाच भाकरीचे नऊ तुकडे करत होती. आपला तुकडा तिने जिभेखाली ठेवला आणि विरघळेपर्यंत तटावर पहारा दिला. जावईबापू वाचत राहिले. वेटरने सूप कधी ठेवलं ते त्यांना कळलंच नाही. मग शेजारच्या पावाचा तुकडा तोडून त्यांनी तोंडात ठेवला आणि चावला नाही. आधी मीठ लागलं, मग लोणी, मग कडेच्या खरपूस भागाची जराशी कडवट चव.

"अहो, बरं वाटत नाही का?" बायकोने घाबरून विचारलं.

"थांब जरा. कोठीवाली पहाऱ्यावर आहे."

सासूबाईंनी लेकीकडे पाहून भुवया उडवल्या. चौथा पदार्थ मासळीचा होता. तो जावईबापूंनी इतक्या सावकाश खाल्ला की वेटर दोनदा बशी उचलायला येऊन परत गेला. आणि मग, पान तीनशे एक्केचाळीसवर, ते एकदम ओरडले, "अशक्य!"

आजूबाजूच्या माना वळल्या. आतून उंच टोपी घातलेला आचारी लगबगीने आला. "साहेब, माशाचं काही बिघडलं का?"

"मासा फर्स्ट क्लास आहे हो. इथे पोत्यांचं बिघडलंय!"

गोष्ट अशी होती. कादंबरीत दाट धुक्याचा फायदा घेऊन गावकरी तटाखाली धान्य आणतात, आणि वर कोठीवाली व तिच्या दोन मुली एका कप्पीवरून शंभर किलोची पोती ओढून घेतात. पहाटेपासून धुकं विरेपर्यंत तीस पोती.

"एका कप्पीवर शंभर किलो म्हणजे हाताला शंभर किलोच ओढ," जावईबापूंनी नॅपकिनचा दोर आणि चमच्याचं पोतं करून दाखवलं. "तिघी उपाशी बायका! सहाव्या पोत्याला हात टेकतील. वजन अर्धं करायचं तर पोत्याबरोबर वर येणारी दुसरी कप्पी हवी, आणि दोराचं टोक वर कशालातरी पक्कं बांधायला हवं."

"म्हणजे लेखकाने थाप मारली?" सासूबाईंचा आवाज चढला. पान तीनशे एक्केचाळीसवर त्या दोनदा रडल्या होत्या.

"उद्या बघू ना वर जाऊन!" असं म्हणणारे खुद्द जावईबापू होते, हे टेबलावर कुणालाच खरं वाटेना. आचारीही पुढचे पदार्थ संपेपर्यंत अधूनमधून येऊन पोत्यांची चौकशी करून गेला.

सकाळी चढताना सासूबाईंना तीनदा बसावं लागलं, पण जावईबापूंनी पाण्याची बाटली आणि पुस्तक दोन्ही स्वतःकडे घेतलं. बुरुजावर कप्पीची खाच सापडली. तिच्यापासून हातभर अंतरावर दगडात एक जाड लोखंडी कडी बसवलेली होती.

"ही घोडे बांधायची कडी," गावातून बरोबर घेतलेला वाटाड्या म्हणाला.

"बुरुजाच्या टोकावर? आणि घोडा काय तटाबाहेर लोंबकळत उभा राहायचा?" जावईबापू पोटावर झोपले आणि कडीच्या आत बोट फिरवलं. मग त्यांनी सासूबाईंचा हात धरून तिथे नेला. "बघा आई. खालच्याच बाजूला झिजलीय. दोराचं टोक इथे असायचं. दोन कप्प्या होत्या! तीस पोती सहज आली असतील."

सासूबाईंनी कडीवरून हळूच बोट फिरवलं. डोळे पुसले. "सहज नाही हो," त्या म्हणाल्या. "पण आली खरी."

टिल्लीलाही हात लावून बघायचा होता. तिच्या आईने तिची कंबर घट्ट धरली आणि मग स्वतःही वाकून बघितलं.

घरी आल्यावर सासू-जावयांनी मिळून लेखकाला चार पानी पत्र लिहिलं, आकृतीसकट. महिन्याभराने उत्तर आलं: कडी मी पाहिली होती, तिचं काय करायचं ते मला कळलं नव्हतं. पुढच्या आवृत्तीत दोन कप्प्या करतो.

जावईबापूंच्या अंगावर मूठभर मांस चढलं. ते पत्र त्यांनी कामावर सगळ्यांना दाखवलं, अगदी ज्यांच्या लिफ्ट बंद होत्या त्यांनासुद्धा. आणि त्या शनिवारी सासूबाईंना स्वतःहून फोन केला.

"आई, समुद्री लढाईची एखादी चांगली जाडजूड आहे का? आणि तिथे जेवण कसं मिळतं?"