पांताचं पाणी

रोशनारा सहा वर्षं तळ्यांचं पाणी तपासत होती आणि कामात तिची एकदाही चूक झाली नव्हती. हातमोजे घालायचे, बाटली पाण्याखाली उघडायची, तिथेच बंद करायची, बाहेरून स्पिरिटने पुसून बर्फाच्या डब्यात ठेवायची. घाटावरच्या बायका हसायच्या. "काय गं, आम्ही ज्यात न्हातो त्याला तू हातसुद्धा लावत नाहीस?"

"हसा खुशाल, पण प्यायचं पाणी उकळा," ती म्हणायची.

आणि गाव चक्क ऐकायचं. आर्सेनिक निघालं म्हणून हातपंपाला लाल रंग फासल्यापासून सगळी मदार तळ्यावरच होती. सगळ्यांत कडक रोशनाराची सासू, मोमेना. नातीला, रोशनाराच्या पाच वर्षांच्या मुलीला, तुनीला, न उकळलेला घोट घेऊ द्यायची नाही.

शनिवारी रोशनाराने आपल्याच घाटावरचं पाणी नेलं. सोमवारी शहरातल्या प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला, तर काचपट्टीवर हिरवे चमकणारे, स्वल्पविरामासारखे जंतू. कॉलरा! पण आपल्या घरी पाणी उकळतात, असं तिनं मनाला समजावलं. नियमाप्रमाणे हात धुतले, ॲप्रन उतरवला आणि मग बाहेर कपाटात ठेवलेला फोन घेतला. घरून अकरा कॉल येऊन गेले होते.

ती पोचली तेव्हा तुनीला दवाखान्यात नेणारी होडी, तिचा श्वास थांबला म्हणून, अर्ध्या वाटेतून परत आली होती.

"सकाळी तू गेलीस आणि जुलाब सुरू झाले," मोमेना सुनेला म्हणाली. "मी उकळलेलंच दिलं गं बौमा, अल्लाची शपथ."

"आणि खाल्लं काय तिनं?"

"रोजचंच. पांता. रात्रीचा भिजवलेला भात, मीठ, मिरची."

"अम्मा, भिजवला कशात?"

"तळ्याच्या पाण्यात. उकळलेल्यात कधी पांता आंबतो का?" मोमेनाचा आवाज फाटला. "तू प्यायचं पाणी म्हणाली होतीस. पांता काय पितात?"

रोशनाराला ओरडायचं होतं, पण कोणावर? तोच पांता ती स्वतः रोज सकाळी खाऊन निघायची. सहा वर्षांत हे तिच्या डोक्यात आलं नव्हतं, आणि ते आता कधीच डोक्यातून जाणार नव्हतं.

पुढच्या शनिवारी ती घाटावर उतरली. कोणी हसलं नाही. नमुन्यासोबत भरायच्या कागदावर पाण्याचे उपयोग छापलेले होते: पिणे, आंघोळ, भांडी. तिनं खुणा केल्या आणि खाली, जागा नव्हती तिथे, बारीक अक्षरात लिहिलं, पांता. मग बाटली पुसून बर्फात ठेवली. हातांना पाण्याचा थेंबही लागला नव्हता.