अभिमनचा पितर

आखाजीच्या आदल्या दिवशी ताईबाई कस्तुराबाईच्या ओट्यापर्यंत आली, पण ओटा चढली नाही. खालीच उभी राहून म्हणाली, "अक्का, उद्या जगदीशभाऊले पितर म्हणीसन धाडा. यास्नं पहिलं वरीस शे."

एवढं बोलून ती गेलीसुद्धा. तिला पाणी विचारायचं राहून गेलं.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, घागर भरायची, चुलीतल्या विस्तवावर घास टाकायचा आणि गेलेल्या माणसाच्या जागी त्याच्या जोडीचा कोणी पाटावर बसवून जेवू घालायचा, ही इकडची रीत. तो जेवला म्हणजे मेलेला जेवला. हे बोलावणं कोणी परत फिरवत नाही, वैऱ्याच्या घरचं असलं तरी. ताईबाईचा नवरा अभिमन आणि कस्तुराबाईचा जगदीश एका वर्षाचे, एका बाकावरचे. तेव्हा बोलावण्यात वावगं काही नव्हतं. कोणी विचारलंच असतं तर ताईबाईला एवढं उत्तर पुरेसं होतं.

कस्तुराबाई पुरणाची डाळ निवडायला बसली. तिला राग यायला हवा होता, निदान लाज तरी. आलं काहीच नाही. मांडी घालून फार वेळ बसलं की पाय मरतो, चिमटा काढला तरी तो दुसऱ्याचाच वाटतो, तसं तिचं वर्षभर चाललं होतं.

गेल्या जेठात वादळ आलं आणि अर्ध्या गावाचे पत्रे उडाले. कोणाचे बाभळीत, कोणाचे नाल्यात. सकाळी सगळं गाव जगदीशच्या दुकानापुढे. धुळ्याच्या रस्त्याला लागून पत्रे-सिमेंटचं दुकान त्याचं एकच. त्याने शटर अर्धंच वर केलं आणि भाव सांगितला, तो आदल्या दिवसाच्या दुप्पट.

"धुळ्याहूनच चढा येऊन राहिला," तो म्हणाला, "मी काय घरी छापतो का पत्रे?"

लोकांना ते पटलं की नाही, देव जाणे. डोक्यावर आभाळ उघडं असलं की माणूस हुज्जत घालत नाही. पण कस्तुराबाईला ते पटणं शक्यच नव्हतं. दुकानामागच्या पत्र्यांच्या त्या थप्पीवर तिने चैत्रभर कुरडया वाळवल्या होत्या. वादळाचं नावही नव्हतं तेव्हा तो माल तिथे येऊन पडला होता. ती लेकाचा डबा घेऊन दुकानात गेली, गर्दी पाहिली, डबा ठेवला आणि आली. फटकळ तोंडाची म्हणून पंचक्रोशीत जिचं नाव, तिने त्या दिवशी मिठाची गुळणी धरली.

त्या गर्दीत अभिमन होता. तो रिकाम्या हाताने परतला. शेजारच्या लोटनच्या वावरात त्याचाच पत्रा चुरगळून पडला होता, तो त्याने उचलून आणला, दगडावर ठोकून सरळ केला आणि घरावर चढला. वारा पुरता निवला नव्हता. पत्र्याखाली वारा शिरला आणि पत्र्यासकट माणूस खाली आला. धुळ्याच्या दवाखान्यापर्यंत गाडी पोचली, अभिमन पोचला नाही.

मग ज्याने त्याने हात झटकले. एक म्हणे वादळाची करणी, दुसरा म्हणे अभिमनला घाई नडली. जगदीश म्हणे, "मी सांगेल व्हतं का त्याले, घरवर चढ म्हणीसन?" सगळ्यांचंच थोडं थोडं खरं होतं, आणि त्या थोड्या थोड्या खऱ्यात मेलेला माणूस कोणाच्याच वाट्याला येत नव्हता. दिवाळीला जगदीशने घरावर स्लॅब टाकला. कस्तुराबाई त्या स्लॅबखाली झोपत होती. झोप लागत होती, हेच तिला नवल वाटे.

संध्याकाळी जगदीश दुकानातून आला. बोलावणं ऐकून त्याने पायातली चप्पल तशीच ठेवली.

"मी नही जास. दुकानमधला नवलले धाड."

"नवल काय अभिमननी जोडीना शे?"

"माय, ती मुद्दाम करी ऱ्हायनी. गावसमोर मनं नाक कापाले."

"तुनं नाक एवढं लांब कव्हय व्हयनं रे?" कस्तुराबाई म्हणाली. "पितरले उपाशी ठेवशी तर या घरमा चुल्हा पेटाव नही. मंग जेव तुना सिमेंटनी गोणी."

दुसऱ्या दिवशी ती त्याच्यासोबतच गेली. पोराचा भरवसा नव्हता.

ताईबाईच्या घरावर वर्ष होत आलं तरी निळी ताडपत्रीच होती. तिच्यातून ऊन खाली येई तेही निळं. त्यात अभिमनचे चुलते कौतिक आबा निळे, पोरगी मयुरी निळी, वाटीतला आमरससुद्धा भलत्याच रंगाचा दिसत होता. ताईबाईने जगदीशला पाटावर बसवलं, पाय धुतले, गंध लावलं. अंगावर धावून यावं, दोन शिव्या घालाव्यात, म्हणजे माणसाला उत्तर तरी देता येतं. ती मुकाट्याने मांडे वाढत राहिली.

जगदीशही खाली मान घालून जेवला. "रस गोड शे, वहिनी," असंही म्हणाला. गिऱ्हाइकाशी बोलून बोलून जिभेला वळण पडलेलं.

जेवण सरत आलं तसे कौतिक आबा पुढे सरकले. पितराला शेवटी विचारायचं असतं, पोट भरलं का, मन भरलं का. तो हो म्हणाला की पत्रावळ उचलायची, मग घरातल्यांनी जेवायचं. तोवर घरात कोणी घास खात नाही.

"तिरपत व्हयना का, अभिमन?" आबांनी विचारलं. पाटावरच्या माणसाला त्या दिवशी त्याच नावाने हाक मारतात.

"व्हयनू," जगदीश पटकन म्हणाला आणि उठायला लागला.

"बठ खाले," कस्तुराबाई म्हणाली. "नही व्हयना तो."

आबांनी पत्रावळीकडे नेलेला हात मागे घेतला.

"अभिमनना तोंडथीन खोटं नको बोलू," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. दुसरंच कोणी बोलतंय आणि आपण ऐकतोय, असं तिला वाटत होतं. "ताईबाई, ते पत्रे जुना भावमा आणेल व्हतात. वादळना आधीना. मी त्यासवर कुरडया वाळाडेल शेतस."

एवढं बोलल्यावर काहीतरी तुटेल, कोणी रडेल, असं तिला वाटलं होतं. ताईबाईने रसाची वाटी सरळ केली.

"माले माहीत शे, अक्का," ती म्हणाली. "बठ्ठा गावले माहीत शे."

कौतिक आबांनी जमिनीकडे पाहिलं. म्हणजे खरंच सगळ्यांना.

जगदीश पाटावरूनच म्हणाला, "वहिनी, आजच पत्रे धाडी देस. फुकट. माणसं लाईसन चढाडी देस."

"पत्रे नको, भाऊ. पत्रे त्या दिन पाहिजे व्हतात." ताईबाई त्याच्या समोर खाली बसली. "आबांनी इचारं, त्यानं उत्तर द्या. खरं आसी तर म्हना, तिरपत व्हयनू. मी पत्रावळ उचलस."

जगदीशने आईकडे पाहिलं. लहानपणी मार चुकवायला पाहायचा तसं. कस्तुराबाईने ती नजर झेलली नाही. ती पत्रावळीच्या शेजारी भुईवर बसली, पदर सावरला आणि तीही त्याच्या तोंडाकडे पाहू लागली.

त्याच्या बोटांवरचा रस वाळत चालला होता. दाराशी मयुरी उपाशीपोटी उभी होती. जगदीशला कोणी घाई केली नाही.