पलटणीत मी होतो, तो नव्हता

मी एक जुना ट्रम्पेट आहे. पोटाला पोचा, अंगावर हिरवा कळंक आणि ओठांना लावायची तोटी बेपत्ता. सध्या मुक्काम एका कॉलेजातल्या कपाटात, फुटक्या तबल्याशेजारी. मित्रांनो, तुम्ही मला बिगुल म्हणाल. खुशाल म्हणा. आजवर माझे नाव कुणी नीट घेतले नाही, मग तुमच्यावरच काय रागवायचे?

माझा जन्म विलायतेतला. बोटीने आलो आणि कामठीच्या छावणीत, गोऱ्या पलटणीच्या बँडात रुजू झालो. तिथे मला रोज घासूनपुसून लखलखीत करीत. एकदा कवायतीत घोडा उधळला, मी दगडावर आपटलो आणि पोचा पडला. पोचा पडलेल्याला पलटणीत कोण ठेवतो? लिलावात मला वाशीमच्या एका बँडवाल्याने घेतले आणि अनसिंगच्या जगदेवाच्या हाती दिले. ते साल १९०९ असावे.

जगदेव तेव्हा विशीतला होता. छाती भात्यासारखी. त्याने पहिल्यांदा फुंकले, तेव्हा मी माझा पोचा विसरलो, एवढे मान्य करतो. शेलूबाजारपासून जऊळक्यापर्यंत आम्ही वराती वाजवल्या. जगदेव पुढे आणि त्याच्या डावीकडे शालिग्राम, गळ्यात मोठा ढोल अडकवून. लांबच्या वरातीत जगदेवाचा दम सुटला की शालिग्राम तिथल्या तिथे ढोलाचा जोर वाढवी. जगदेव श्वास घेई आणि लोकांना काही कळत नसे. जगदेवाची लेक प्रयाग लहान होती, तेव्हा वरातीमागच्या बैलांच्या दमणीत याच ढोलाला टेकून झोपायची. तिला तो आवाज अंगाई वाटे.

आमच्या लोकांत एक रीत होती. बँडवाल्याच्या घरचे लग्न बँडवाल्यांनीच वाजवायचे, आणि बोलावण्याची वाट पाहायची नाही.

वाहवा पुष्कळ झाली, पण जेवायला मांडवामागे, सगळ्यांच्या पंगती उठल्यावर. वर कुणीतरी म्हणायचेच, "तोंडानं वाजवते, उष्टा बाजा हाय तो, दूर ठेवा." शालिग्राम हसून भाकरी मोडी. जगदेव पान तसेच सारून उठे. त्याचा राग मला पटे. उष्टा म्हणे! ज्याच्या पुढे तुम्ही नाचलात, तोच उष्टा?

जगदेव हुशार होता. स्वरलिपी शिकला. पुढे बँडाचा मास्तर झाला आणि हातात पांढरी छडी घेऊन पंधरा-वीस वाजवणाऱ्यांना तालात चालवू लागला. एका सरकारी समारंभात त्याची ही करामत एका कॉलेजच्या प्रिन्सिपॉलनी पाहिली आणि त्याला संगीत शिकवायला शहरात बोलावले. तिथे दुसऱ्या मास्तरांनी विचारले, "हे वाद्य कुठे शिकलात?"

जगदेवाने माझ्याकडे पाहिले आणि म्हणाला, "कामठीच्या पलटणीत होतो मी."

मित्रांनो, पलटणीत मी होतो, तो नव्हता. घोडा उधळला ती गोष्टसुद्धा तो पुढे स्वतःवर बेतून सांगू लागला. माणसे माणसांचे दागिने चोरतात, पैसे चोरतात. याने माझा जन्मच उचलला. पलटणीच्या त्या माणसाला हळूहळू 'मले-तुले'ची वऱ्हाडी बोलीही चालेना, आणि वरातीचा बाजाही. मुलांना तो पेटी शिकवी. मला वर्षातून एकदा, पाहुण्या साहेबाच्या सलामीपुरते बाहेर काढी.

एके दिवशी शालिग्राम आला. कॉलेजच्या फाटकाशीच उभा राहिला. "जगदेवा, माह्या रंगूचं लगन हाय. तुले सांगाव लागते का? पण तू दूर राह्यतं, म्हणून आलो. तू नाई आला त वरात मुकी जाईन."

जगदेवाने आधी आजूबाजूला कुणी ऐकत नाही ना ते पाहिले. मग म्हणाला, "मला रजा मिळणार नाही."

खोटे! रजा त्याने मागितलीच नाही. रंगूची वरात माझ्यावाचून निघाली आणि मी इथे खोक्यात निजून राहिलो. मला पाय असते तर मी चालत गेलो असतो.

पाच-सहा वर्षांनी प्रयागचे लग्न ठरले. लग्न अनसिंगला, घरच्या अंगणात. व्याही मोठे वकील. जगदेवाने वाशीमच्या एकाही बँडवाल्याला कळवले नाही. मला मात्र लखलखीत करून पाटावर मांडले, पलटणीची निशाणी म्हणून. व्याही म्हणाले, "प्रोफेसरसाहेब, एक फौजी सलामी होऊन जाऊ द्या!"

नाही कसे म्हणणार? त्याने मला ओठांना लावले. पण ओठ रोजच्या रोज न लागले तर आमची विद्या रुसते. दुसऱ्याच सुराला त्याचा दम तुटला आणि मी घोगरा ओरडलो. आणि तेवढ्यात बाहेरून ढोल वाजला. घुमला, चढला. जगदेवाने श्वास घेतला, सूर पुन्हा धरला, सलामी पुरी झाली. टाळ्या पडल्या. बोलावणे नसताना शालिग्राम रीत पाळायला आला होता. रंगूचे लग्न मुके गेले, तरी आला होता.

प्रयाग बाशिंग सावरीत उठली. तिचे डोळे भरले होते. "बाबा, थो शालिग्रामकाका व्हय ना? त्याचाच हात हाय!"

व्याही बघत होते. जगदेव म्हणाला, "नाही गं. कोणीतरी दुसराच असेल."

शालिग्राम मांडवाच्या दाराशीच उभा होता. त्याने ऐकले. ढोल पाठीवर टाकला आणि तो न जेवता निघाला. प्रयाग दारापर्यंत धावली, बायकांनी तिला धरून मागे आणले.

आता जगदेव या जगात नाही. या कपाटाच्या वर त्याची तसबीर आहे आणि खाली लिहिले आहे: 'कामठीच्या पलटणीतील बँडमास्तर'. रोज कुणीतरी तिला हार घालतो. हार घालताना कपाटाचा आधार घेतो, पण कपाट उघडत नाही.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, असे सांगायची रीत आहे, म्हणून सांगतो. पितळ घासले की पुन्हा चमकते. मला कधी घासाल तर तुमचे उपकार होतील. पण भर मांडवात तुमचा सूर तुटेल आणि बाहेरून कुणी ढोल उचलून धरील, तेव्हा तो कोण असे कुणी विचारले, तर त्याचे नाव सांगा. मला तोटी नाही, नाहीतर मीच ओरडून सांगितले असते.