चौथं तळं सिरिलचं

साहेब, तुमच्या पुरातत्त्व खात्याने खोटं लिहिलंय, आणि वर त्यावर शिक्काही मारलाय.

इंग्लंडमधल्या सफक परगण्यात, आमच्या गावच्या एडवीना गॅरडच्या शेतात जुन्या गढीचा पाण्याचा खंदक आहे, शेजारी मासे पाळायची तीन तळी. सातशे वर्षांची, अस्सल. ती जपा, कुणाची ना नाही. पण तुमच्या नकाशात चौथंही तळं ‘मध्ययुगीन’! ते तिच्या नवऱ्याने, कैलासवासी सिरिलने, एकोणीसशे शहात्तरच्या उन्हाळ्यात भाड्याच्या यंत्राने खोदलं. बाकीच्यांत शोभावं म्हणून महिनाभर काठ घोटत बसला. इतके घोटले की तुमचा माणूस फसला.

यंदा उन्हाने त्या तळ्यात घोट्याइतकंच पाणी उरलं. सिरिलने सोडलेले कार्प मासे कुशीवर पडून तोंडं वासायला लागले. एडवीनाच्या हातून पाव खाणारा म्हातारा कार्पही त्यांत. गाळ काढू द्या, असा तिने अर्ज केला. सोबत यंत्रावर बनियनमध्ये बसलेल्या सिरिलचा फोटो. तुमचं उत्तर आलं: फावडं लावलंत तर खटला.

शेजारच्या रूबेन थर्लोने पत्र दोनदा वाचलं. “फावडंच म्हणतायत ना? चहाच्या किटलीबद्दल काही लिहिलंय का?”

नव्हतं लिहिलं. मग काय, अख्खं गाव चड्ड्या दुमडून चिखलात. किटल्या, मुरंब्याची पातेली, कुणाच्या नातवाचा टब; भराभर मासे खंदकात. पाद्रीबाई दोनदा आपटल्या आणि तिसऱ्यांदा, रूबेनच्या मते, मुद्दाम. एडवीनाने म्हाताऱ्याला सिरिलच्या ओल्या रेनकोटात गुंडाळून पोटाशी धरून नेलं. सोडताना त्याने शेपटीची सणसणीत थप्पड दिली. हसून हसून ती काठावरच बसली.

“अगदी सिरिलवर गेलाय,” ती म्हणाली. “आभार म्हणून मानायचे नाहीत.”

तेवढ्यात तळाशी काहीतरी गुलाबी चमकलं. बगळ्यांपासून माशांना आडोसा म्हणून सिरिलने उलटा टाकलेला प्लास्टिकचा बाथटब!

तुमचा माणूस आला. त्याने टब मोजला, फोटो काढले, मान डोलावली. आणि काल पत्र: तळ्यातली कोणतीही वस्तू हलवू नये.

मासे खंदकात पाहुणे आहेत, साहेब. गाळ निघाला नाही तर त्यांचं घर बुजलं, आणि सिरिलचं एवढंच मागे उरलंय. म्हणून एडवीना लेखी विचारतेय: चौदाव्या शतकात कोणता उमराव गुलाबी प्लास्टिकच्या टबात न्हायचा? त्याचं नाव कळवा. नसेल, तर त्या नकाशावर सिरिल गॅरडचं नाव कधी घालताय, तारीख सांगा.