तिसरी रेघ

मला एक अक्षर वाचता येत नाही, हे आधीच सांगून टाकते. जन्मभर मी अक्षरं काढली, लाखांनी काढली, पण वाचलं एकही नाही.

मी कागदाच्या पट्टीवर बातम्या उतरवणारं यंत्र. आमच्या मुलखात मला हेलश्रायबर म्हणत. हेल हे मला घडवणाऱ्याचं आडनाव आणि श्रायबर म्हणजे लिहिणारा. ‘लिहिणारा’ म्हणोत बापडे, मी स्वतःला बाईच समजते. दिवसभर दुसऱ्याचं सांगणं ऐकायचं, मान खाली घालून उतरवायचं, आणि चूक निघाली की बोल आपल्यालाच. दुसरी कोण असणार मी?

माझ्या पोटात फारसं काही नाही. एक फिरणारा मळसूत्री दांडा, त्याला शाई लावणारी लोकरीची गुंडाळी आणि खाली एक इवलीशी हातोडी. दूर राजधानीतून रेडिओवर ठोका येतो. ठोका आला की हातोडी पट्टीला वर ढकलते आणि शाईचा ठिपका उमटतो. ठिपक्याला ठिपका लागून रेघ, रेघांचं अक्षर. भरतकामात टाके घालतात ना, तसं. टाके घालणाऱ्या सुईला फूल कुठं ठाऊक असतं?

तारेवरून टाइप करणारी दुसरी यंत्रं असतात. त्यांना वादळात एक ठोका चुकीचा मिळाला तर ती धडधडीत दुसरंच अक्षर छापून मोकळी होतात. माझं तसं नाही. मी फिकं काढीन, डाग पाडीन, पण खोटं अक्षर काढणार नाही. असा माझा ताठा होता.

आणखी एक. मी प्रत्येक ओळ दोनदा काढते, एकाखाली एक. मोटर जरा पुढेमागे झाली की ओळ तिरकी होऊन पट्टीबाहेर सरकते. वरची कापली गेली तर खालची शाबूत मिळावी, एवढ्यासाठीच ही सोय. पण लोकांनी भलताच अर्थ काढला. ‘दोनदा लिहिते, म्हणजे खरंच असणार!’ असं म्हणायचे, आणि मीही फुशारून जायची.

उत्तर समुद्राच्या काठी, मातीच्या उंच बांधाआड वसलेल्या फ्रीशियन म्हणवणाऱ्या किनाऱ्यावरच्या लोकांच्या एका गावात मी आले. तिथल्या पेपरच्या कचेरीत मला खिडकीजवळच्या टेबलावर बसवलं. त्या वर्षांत सगळ्या देशाला बातमी एकाच तोंडातून मिळायची. ते तोंड राजधानीत आणि त्याचा कान मी.

माझी पट्टी वाचायला गेशे हार्म्स होती. तिशीची, हाडापेराने मजबूत, बोलायला फटकळ. माझ्यावरची पट्टी सरकत यायची, ती नजरेनं वाचायची, कात्रीनं कापायची, कागदावर डिंकानं चिकटवायची. तिचा नवरा एन्नो हेरिंग मासळीच्या जहाजावर होता. त्याच जहाजावर एन्नोचा धाकटा भाऊ फोको. दोघांच्या बायका सख्ख्या बहिणींसारख्या राहायच्या, एकाच घराच्या दोन टोकांना, मध्ये सासू त्याल्डा.

“काय म्हणतेय तुमची म्हातारी?” छपाईचे खिळे जुळवणारा वेर्ट रोज सकाळी माझ्याकडे बघत गेशेला विचारायचा.

“म्हणतेय, वेर्टने तोंड धुतलेलं नाही,” गेशे म्हणायची. “दोनदा म्हणतेय.”

असे आमचे दिवस होते. चहाचे तीन कप, कपातल्या खडीसाखरेचा तडतड आवाज, माझी टकटक. मला वाटलं, हे असंच चालणार.

सदतीस सालच्या ऑक्टोबरात वादळ आलं. दोन दिवस बांधावर उभं राहवत नव्हतं. टेलिफोनचे खांब आडवे झाले. आणि एन्नो-फोकोचं जहाज बुडाल्याची बातमी माझ्याच पट्टीवर आली. पंधरांपैकी सहा जण एका परक्या जहाजानं उचलले होते. त्यांची नावं अकरा वाजता येतील, असं मी लिहिलं. गेशेनं ते मोठ्यानं वाचलं तेव्हा तिचा आवाज हलला नाही. हातातली कात्री मात्र तिनं खाली ठेवली.

अकरा वाजेपर्यंत खिडकीबाहेर अर्धं गाव जमलं. जहाज कंपनीचा कारकूनही त्यातच उभा, त्यालाही दुसरीकडून काही कळायला वाट नव्हती. सर्वांत पुढे त्याल्डा आणि तिची धाकटी सून आंटके. आंटकेनं काचेला नाक लावलेलं. तिला पाचवा महिना होता.

मग ठोके आले. आकाशात अजून कडकड चालू होती, त्यामुळे माझ्या पट्टीवर मिरी सांडल्यासारखे डाग. पहिली पाच नावं त्या डागांतूनही नीट निघाली. सहावं निघालं: आडनाव हार्म्स, आणि त्याच्या आधी एकच अक्षर. पाठवणाऱ्यानं घाईत पहिलं नाव पुरतं लिहिलंच नव्हतं.

रोमन लिपीत एन्नोचं पहिलं अक्षर म्हणजे एक उभी दांडी आणि तीन आडव्या रेघा. फोकोचं म्हणजे तीच दांडी, वरच्या दोन रेघाही त्याच, फक्त तळाची नाही. दोन सख्ख्या भावांमध्ये अंतर होतं ते एका रेघेचं.

पट्टीवर दोन रेघा स्वच्छ होत्या. तळाशी तीन-चार ठिपके, विस्कटलेले. रेघेचे म्हणावेत तर रेघेचे, वादळाचे म्हणावेत तर वादळाचे.

गेशेनं पट्टी उजेडाला धरली. डोळ्यांजवळ नेली, लांब धरली. मग संपादक पोपिंगांना म्हणाली, “साहेब, हे अक्षर वाचता येत नाही. रिकामं सोडा. चार वाजता यादी पुन्हा यायची आहे, तेव्हा भरू.”

“रिकामं?” पोपिंगा म्हणाले. “बाहेर बघा, बाई. त्या म्हातारीला मी काय सांगू? तुझा एक मुलगा वाचला, कुठला ते चार वाजता कळवतो?”

“हो. असंच सांगा.”

“दोन्ही ओळींत दोनच रेघा आहेत. वरही दोन, खालीही दोन. दोन साक्षीदार एकच बोलतात, आणखी काय पाहिजे?”

“साक्षीदार दोन नाहीत हो!” गेशे ओरडली. “एकच ठोका येतो, ही तो दोनदा काढते. ठोका फिका आला तर दोन्हीकडे फिका.”

खरं होतं तिचं. अगदी खरं होतं. सगळ्या गावात तेवढी एकटीच मला ओळखत होती.

पोपिंगा टेबलाला वळसा घालून तिच्याजवळ आले. मग हळूच, अगदी समजावणीच्या सुरात म्हणाले, “गेशेबाई, तुम्ही एन्नोची बायको आहात. म्हणून तुम्हाला तिथे तिसरी रेघ दिसतेय. दुसऱ्या कोणाचं नाव असतं तर तुम्ही केव्हाच वाचून टाकलं असतंत.”

हातोडी माझ्याकडे आहे, पण घाव घालावा तर माणसानं. गेशेची मान ताठ झाली. तीन वर्षांत तिच्या वाचण्यावर कोणी बोट ठेवलं नव्हतं. स्वतःच्या नवऱ्यासाठी अक्षर वाकवलं, असं कोणी म्हणणार? तिनं पट्टी पुन्हा बघितली नाही.

“दोन रेघा,” ती म्हणाली. “फोको.”

मी तेव्हा काय केलं? काही नाही. पण आज सांगते. त्या तळाच्या रेघेच्या वेळी माझ्या हातोडीत शिरशिरी आली होती. ठोका आला होता. आला होता, पण कागद उचलायला त्यात जोर नव्हता. वादळानं तो वाटेतच अर्धा खाल्ला होता. मला ते कळलं, आणि मला तोंड नव्हतं. लिहिणारीला बोलता येत नाही, ही माझी जन्माची शिक्षा.

वेर्टने यादी खिडकीत लावली. आंटके किंचाळली, आणि किंचाळून झाल्यावर दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं, कारण शेजारी त्याल्डा उभी होती आणि त्याल्डाला हसावं की रडावं ते कळत नव्हतं. मग आंटके आत आली आणि गेशेच्या गळ्यात पडली.

“ताई, मला लाज वाटते गं आनंदाची.”

“वाटू देऊ नकोस,” गेशे म्हणाली. “जा, आईंना घरी ने. खाली बघून चाल, ओलं आहे.”

चार वाजता मी कान टवकारून बसले. आकाश निवळलं होतं, रेडिओ काचेसारखा स्वच्छ. आणि ठोके आले ते राजधानीतल्या भाषणाचे. देशाचं भविष्य, देशाचं रक्त, देशाची निष्ठा. सव्वासहा वाजेपर्यंत चाललं. पट्टीचा ढीग टेबलावरून खाली उतरून गेशेच्या पायांत आला. माझ्या आयुष्यातलं सर्वांत सुंदर अक्षर मी त्या दिवशी काढलं. एकही डाग नाही, एकही रेघ कमी नाही. वाचलेल्यांची यादी पुन्हा आलीच नाही. सहा खलाशांची बातमी तोवर शिळी झाली होती.

गेशेनं ते सगळं भाषण कापलं, चिकटवलं, दिलं. मग घरी गेली आणि आरशावर कापड टाकलं.

आमच्याकडे घरात कोणी गेलं की आरसा झाकतात आणि शेजाऱ्यानं दारोदार जाऊन सांगायचं असतं. त्यानं बारा दारं ठोठावली. एन्नो हार्म्स गेला. एन्नो हार्म्स गेला. दुसऱ्या दिवशी गेशे कामावर आली, कारण पट्टी वाचणारं दुसरं कोणी नव्हतं. दुपारी आंटके तिच्यासाठी मनुकांचा पाव घेऊन आली. म्हणाली, “फोको आला की तुझं छप्पर तोच बघेल, ताई. तुला काही कमी पडू देणार नाही. आणि मुलगा झाला तर नाव एन्नोच ठेवायचं, मी ठरवून टाकलंय.” गेशेनं पाव खाल्ला. बळेच खाल्ला, पण खाल्ला.

तिसऱ्या दिवशी वाचलेल्यांना घेऊन बोट धक्क्याला लागली.

मी तिथं नव्हते. मला जे कळलं ते संध्याकाळी गेशेच्या तोंडून. ती कोट न काढताच आत आली. पोपिंगा उठून उभे राहिले.

“एन्नो आला,” ती म्हणाली.

पोपिंगांच्या चेहऱ्यावर हसू फुटू लागलं. बाईचा नवरा परत आलाय, हसू नये तर काय करावं माणसानं? पण तिचा चेहरा बघून ते तिथंच थांबलं.

“बोटीच्या फळीवरून उतरला. डोक्याला पट्टी. आई पुढे होत्या. त्यांनी त्याच्याकडे बघितलं, साहेब, आणि त्याच्या खांद्यावरून मागे बघितलं. म्हणाल्या, ‘फोको मागे आहे ना रे?’ तो म्हणाला, ‘मागे कोणी नाही, आई.’ त्या तरी मागेच बघत राहिल्या. फळी काढून घेतली तरी. त्याला कोणी जवळसुद्धा घेतलं नाही. मीसुद्धा नाही. मी आंटकेकडे बघत होते.”

“आंटके काय म्हणाली?”

“आधी माझ्याकडे वळली. मग मला म्हणाली, ‘तू मला तीन दिवस दिलेस. कशाला दिलेस?’”

वेर्ट खिळ्यांच्या खणापाशी उभा होता. त्यानं टोपी काढली.

“साहेब, छापा,” गेशे म्हणाली. “अक्षर वाचता येत नव्हतं आणि तरी आपण वाचलं, असं छापा. माझ्या नावानिशी.”

“पेपर असं छापत नाही, बाई.”

नाही छापलं. फोकोच्या मृत्यूची चौकट तेवढी आली, काळ्या किनारीची. ज्या शेजाऱ्यानं बारा दारं ठोठावली होती त्यालाच तीच दारं पुन्हा ठोठावावी लागली. लोक म्हणत, हे कधी घडलं नव्हतं.

पुढचं थोडं आहे. एन्नो दारातून आत आला की त्याल्डा अजूनही त्याच्या मागे बघायची. रोज. जेवायला बसला तरी दाराकडे नजर. फेब्रुवारीत तो गेशेला म्हणाला, “मी येतो तेव्हा या घरात तो पुन्हा मरतो.” आणि दक्षिणेच्या टोकाकडे जाणाऱ्या व्हेल मारणाऱ्या जहाजावर चढला. दोन पत्रं आली, नंतर नाही. आंटकेला मुलगी झाली. ती मुलीला घेऊन माहेरी गेली आणि जाताना गेशेच्या दाराकडे वळली नाही. गेशेनं कात्री पोपिंगांच्या टेबलावर ठेवली आणि निघून गेली. माझ्याकडे बघितलंही नाही तिनं. का बघावं?

तिच्या जागी आलेला माणूस भराभर वाचायचा. त्याला कधीच कुठलं अक्षर अडलं नाही. मग युद्ध आलं, आणि बुडालेल्या जहाजांवरची नावं सरकारी हुकमानं यायचीच बंद झाली. त्या माणसाची फार सोय झाली.

युद्धानंतर टाइप करणारं यंत्र आलं आणि मी तळघरात गेले. लोकरीची गुंडाळी उंदरांनी नेली. दांडा गंजून जागच्या जागी बसला. एकदा खारं पाणी शिरलं, कमरेपर्यंत. मला बरं वाटलं होतं, आता संपेल म्हणून. नाही संपलं. कोणा हौशी माणसानं मला उचललं, पुसलं आणि गावाच्या जुन्या वस्तूंच्या खोलीत काचेआड ठेवलं.

माझ्यापुढे एक पाटी लावली आहे. शाळेची मुलं येतात आणि ती मोठ्यानं वाचतात, म्हणून मला ती पाठ झाली. ‘अत्यंत भरवशाचं यंत्र. मजकूर दोनदा उमटत असल्यामुळे वाचताना चूक होत नसे.’

रोज ऐकते. दिवसातून पाच-पाच, सहा-सहा वेळा. बाई मुलांना म्हणतात, “बघा, किती हुशार लोक होते!” आणि मुलं माना डोलावतात.

तुमच्यापैकी कोणी कधी तिकडे गेलंच, तर एवढं करा. ती पाटी काढा. काढू देणार नाहीत, काचेला कुलूप आहे. मग निदान मुलांना सांगा, की एक बाई होती, तिला अक्षर दिसलं नाही, तिनं तसं सांगितलंही, आणि तिला ते बोलणं धरून ठेवू दिलं नाही. एखादं नाव तुमच्या हाती असं अर्धवट आलं, तर बाहेर कितीही लोक उभे असू देत, ‘मला वाचता येत नाही’ म्हणा. मला तर कधीच येत नव्हतं. पण मला कोणी विचारलं नाही.