भुईच्या वाट्याच्या धारा

“काकू, थांबा! ती धार सोडू नका!” आलोशियस एवढ्या जोरात ओरडला, की गाय दचकून बाजूला सरली.

शांताकाकूंचा हात कासेपाशीच थबकला. पहिल्या धारा भुईला सोडायच्या, कपाळाला हात लावायचा, मगच चरवी पुढे ओढायची, ही त्यांच्या सासूच्याही आधीची रीत. बावन्न सालच्या हिवाळ्यात भुईगावच्या केळीच्या बागांत धुकं असं उतरलेलं, की गोठा कुठे संपतो तेच कळेना. आणि गुरांच्या दवाखान्यातला हा दूधतपासनीस रीत मोडायला सांगत होता!

“गेल्या दोन्ही खेपांना मुकाट उभा होतास की रे!”

“तिथंच चुकलो, काकू. हिला दगडी झाली असावी.”

आलोशियस मुळातच भिडस्त. भुईचा मान होईपर्यंत तो दोन्ही वेळा हात बांधून थांबला, मागचं दूध तपासलं आणि वहीत ‘निरोगी’ लिहून मोकळा झाला. कास सुजवून दगडासारखी करणाऱ्या या रोगाची खूण पहिल्या धारेतच सापडते, हे ठाऊक असूनही. या आठवड्यात हिचं दूध पिणारी आळीतली तीन पोरं ओकू लागली, तेव्हा मात्र तो पहाटेच पुन्हा गोठ्यात आला.

“दगडी म्हणतोस? हात लावून बघ, कास लोण्यासारखी मऊ आहे.”

“दगड झाल्यावर कळून काय उपयोग? आज भुईऐवजी यावर सोडा.”

त्याने वाटीवर ताणून बांधलेलं काळं कापड पुढे धरलं. काकूंनी भुईची मनोमन क्षमा मागितली आणि एकेका सडाची धार सोडली. तीन धारा कापडातून निथळून गेल्या. चौथीचे बारीक पांढरे कण मात्र वरच राहिले. हीच ती रोगाची खूण. इतकं इवलंसं काहीतरी पोरांच्या पोटात गेलं असेल, हे काकूंना खरंच वाटेना.

“औषधानं बरी होईल ती,” आलोशियस हलकेच म्हणाला. “पण तोवर दूध बंद. घरोघरी मी सांगतो. चूक माझी आहे.”

“माझ्या हातचं प्यायलीत ना पोरं? मग माझ्याच तोंडून ऐकू देत. तू हवं तर मागून ये.”

काकूंनी हात धुतले, पदर सारखा केला आणि धुक्यातून शेजारच्या फ्लॉसीचं दार गाठलं. फ्लॉसी कडेवर मलूल पोर घेऊन, हातात पातेलं घेऊन बाहेर आली.

“आज दूध नाही, बाय. तुझं पोर माझ्याच दुधानं आजारी पडलं.”

फ्लॉसीने पोराला छातीशी घट्ट धरलं. काकूंना फार लाज वाटली, पण त्यांनी मान खाली घातली नाही. मग वळून पुढच्या घराची कडी वाजवली.