दोघांतही नसलेलं

महेंद्रच्या हातात टोचलेली सुई निघाली तसा त्याच्या आईने, सरस्वतीने, कापसाचा बोळा दाबून धरला. दहा मिनिटं धरायचा, सैल सोडायचा नाही, हे आता तिला कुणी सांगायची गरज नव्हती. उल्हासनगरच्या या डायलिसिस सेंटरला आठवड्यातून दोनदा येऊन दोन वर्षं होत आली होती. मशीन थांबलं तरी महेंद्र डोळे मिटूनच पडून होता. चौतिसाव्या वर्षीच त्याचा चेहरा बापाच्या शेवटच्या दिवसांसारखा दिसायला लागला होता. राखट, डोळ्यांखाली सुजलेला.

त्याचा बाप, शिवराम, किडन्या जाऊनच वारला, बारा वर्षांपूर्वी. त्याच्याही आधी शिवरामची बहीण विठा. दोन्ही वेळी सरस्वतीने मनात एकच म्हटलं होतं, यांच्या रक्तातच आहे.

येत्या गुरुवारी ऑपरेशन होतं. महेंद्रची धाकटी बहीण अस्मिता त्याला एक किडनी देणार होती. सरस्वतीची स्वतःची किडनी शुगरमुळे पहिल्याच तपासणीत बाद झाली होती. अस्मिताचा नवरा राजरत्न भला माणूस. त्याने कागदांवर मुकाट्याने सही केली होती. बदलापूरला हेंद्रेपाड्यात त्यांचं घर, तीन वर्षांची मुलगी. सगळे तयार होते. एकट्या सरस्वतीला लेकीचीही भीती वाटत होती, आणि ते तिला कुणाजवळ बोलता येत नव्हतं.

बोळ्यावर चिकटपट्टी लावून ती बाहेर बाकावर येऊन बसली. तिथे राजसी रक्ताच्या नळ्यांवर नावं चिकटवत होती. मुंबईच्या एका कॉलेजात संशोधन करणारी ही मुलगी. सहा महिन्यांपूर्वी तिने इथल्या पेशंटांचं आणि त्यांच्या धडधाकट नातेवाइकांचं रक्त नेलं होतं. अस्मितानेही दिलं होतं.

“मॅडम, आमच्या रक्ताचं काय निघालं?”

“ते एकेकट्याला सांगायचं नसतं, मावशी. शेकडो लोकांचं एकत्र बघून मग काय ते ठरतं.”

“माझी मुलगी गुरुवारी टेबलावर जातेय.”

राजसीने हातातली नळी खाली ठेवली. दाराकडे एकदा पाहून आवाज हळू केला.

“आपल्या शरीरात रोज काही घातक द्रव्यं तयार होत असतात. ती निकामी करायला मदत करणारे जीन असतात. त्यातला एक महेंद्रदादांमध्ये नाहीये. जन्मापासूनच नाही.”

“आणि अस्मितामध्ये?”

“त्यांच्यातही नाही.”

“म्हणजे बापाकडून आलं.”

“एकाकडून नाही येत ते. आई आणि वडील, दोघांकडूनही तो जीन मिळाला नाही, तरच असं होतं.”

सरस्वतीने पदराचं टोक मुठीत घट्ट धरलं. राजसी घाईने पुढे बोलायला लागली.

“पण घाबरू नका हो. कितीतरी ठणठणीत माणसांत तो नसतो. माझ्यातही नाहीये, मी बघितलंय तपासून. अस्मिताताईंच्या किडन्या चांगल्या आहेत. डॉक्टरांनी सगळं पाहिलंय.”

“मग माझ्याच घरात का?”

“ते अजून कुणालाच नीट कळलेलं नाही.”

सरस्वती थोडी सरकून तिच्याजवळ बसली.

“तुम्ही एवढं लिहून द्या. या मुलीची किडनी चालणार नाही म्हणून.”

“असं कसं लिहू? खरं नाहीये ते.” राजसीचा चेहरा उतरला. “आणि दादांचं काय?”

सरस्वती उठली आणि रिक्षा बघायला गेली.

संध्याकाळी अस्मिता अंबरनाथला आईच्या घरी आली. गुरुवारच्या तयारीची पिशवी तिने कोपऱ्यात ठेवली. महेंद्र खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडला होता. तो झोपलाय असं समजून सरस्वतीने तिला स्वयंपाकघराच्या दारात थांबवलं.

“ती रक्तवाली मॅडम भेटली होती आज. तुझ्यातपण तोच दोष निघालाय. तुझी किडनी ह्याला बसवली तरी टिकायची नाही. आणि तुझी जी एक राहील, तिचापण भरवसा नाही.”

“असं म्हणाली ती?”

“हो.”

“डॉक्टर तर काहीच बोलले नाहीत. मी उद्या जाऊन विचारते त्यांना.”

सरस्वतीने उगाच परातीतलं पीठ चाळायला घेतलं. अस्मिता तिच्याकडे बघत होती आणि तिला मान वर करता येत नव्हती.

“मलापण बोलली ती,” खाटेवरून महेंद्र म्हणाला.

दोघी वळल्या. तो अजून भिंतीकडेच तोंड करून होता.

“कधी?” अस्मिताने विचारलं.

“आज. मशीनवर होतो तेव्हा. हेच सांगितलं.”

सरस्वतीच्या हातातली चाळणी थांबली. राजसीने आज आत पाऊलही टाकलं नव्हतं. आणि सहा महिन्यांपूर्वी तिचा कागद महेंद्रनेच आईला वाचून दाखवला होता, याचा तुमच्या उपचाराशी काही संबंध नाही असं लिहिलेला.

“दादा, तरीपण एकदा विचारू ना. विचारायला काय जातं?”

“नको. सही माझीपण लागते, अस्मी. मी करणार नाही.”

ती त्याच्या पायांशी बसून रडली. सुजलेल्या पावलांवर तिचा हात होता. शेवटी तो म्हणाला, “जा आता. पोरगी वाट बघत असेल.”

ती गेली. पिशवी तिने परत नेली. सरस्वती दाराशीच उभी होती. तिला वाटलं, आता हा आपल्याला काहीतरी विचारेल. खरं तर तिनेच त्याला विचारायला हवं होतं, खोटं का बोललास म्हणून.

“आई,” तो म्हणाला, “डॉक्टरांना तूच फोन कर, ऑपरेशन नको म्हणून. मला नाही जमणार.”

“करते.”

“नंबर लिहून घे.”

तिने भिंतीवरच्या कॅलेंडरचं पान धरलं. तो एकेक आकडा सावकाश सांगत गेला आणि ती लिहीत गेली.